ट्रामवाल्या पोरीचा उरलेला अर्धा पिक्चर

रविवारी सकाळी दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फारूखभाई बागवानांनी पिक्चर थांबवला, हॉलचे दिवे लावले आणि मागच्या जिन्यानं ते चहा प्यायला खाली उतरले.

यात काही चुकलं असं त्यांना त्या वेळी वाटलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. शहागंजच्या बाजूला एक टॉकीज होती. आता तिथं मोबाईलची कव्हरं आणि चपला मिळतात. त्या टॉकीजचे ते ऑपरेटर. हिंदी पिक्चरचा इंटरव्हल ठरलेला असतो. इंग्रजी पिक्चर इंटरव्हलशिवाय येतो आणि तो कुठं टाकायचा हे ऑपरेटरनं बघायचं असतं. फारूखभाईंचा इंटरव्हल नावाजलेला होता. हिरोच्या कानशिलाला पिस्तूल लागलं की दिवे. विमानाचं एक इंजिन बंद पडलं की दिवे. कँटीनवाला समोसे कढईत सोडण्याआधी वर येऊन विचारायचा, "मियाँ, आज कितने बजे लटकाओगे?"

टॉकीज बंद पडून नऊ वर्षं झाली. गेली सहा वर्षं ते उस्मानपुऱ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या हॉलमध्ये दर रविवारी फिल्म क्लबचा पिक्चर लावतात. हॉलच्या मागं वरच्या माळ्यावर एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, खाली दोन स्पीकर. क्लबचा नियम एकच, इंटरव्हल नाही. जगभरातले चांगले पिक्चर सलग बघायचे असतात, असं अध्यक्ष बद्रीनाथ सरांनी पहिल्याच रविवारी बजावलं होतं. फारूखभाईंनी तो नियम त्या दिवसापर्यंत एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशीचा पिक्चर होता स्वीडनचा. महायुद्ध संपून चार वर्षं झाली तेव्हाचा, काळा-पांढरा, चौऱ्याण्णव मिनिटांचा. त्याचं नाव बद्रीनाथ सरांनी क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसतं चिकटवलं होतं. ते मोठ्यानं म्हणायची जोखीम कुणी घेतली नाही. तिकडंही त्याला कुणी फारसं विचारलेलं नव्हतं. ज्या संस्थेकडं त्याचे हक्क होते, तिला सरांनी चार महिन्यांत सहा ईमेल पाठवल्या, तेव्हा कुठं एका दिवसाची परवानगी आली. रविवार, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सातपर्यंत. सात वाजले की फाईल उघडणार नव्हती.

तपासणीसाठी फाईल एक दिवस आधी आली होती; फारूखभाईंनी शनिवारी दुपारी आवाज तपासायला म्हणून ती लावली आणि पिक्चर शेवटपर्यंत बघितला. मग डबा खाऊन पुन्हा पहिल्यापासून बघितला. असं टॉकीजमध्येही कधी झालं नव्हतं.

गोष्ट साधी. सिग्ने नावाची एकोणीस वर्षांची पोरगी खेड्यातून स्टॉकहोमला येते आणि कपडे इस्त्री करायच्या कारखान्यात लागते. शहरात काम भरपूर, राहायला जागा नाही. एका विधवा म्हातारीच्या स्वयंपाकघरातला लाकडी बाक ती झोपण्यापुरता भाड्यानं घेते. म्हातारीकडं रोज संध्याकाळी पाहुणे. ते जाईपर्यंत पोरगी ट्राममध्ये बसून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते. एके दिवशी पाहुणे जातच नाहीत. ती जिन्यात आपल्या पेटीवर बसते. तिकडच्या जिन्यातला दिवा बटण दाबलं की दोन मिनिटं जळतो आणि आपोआप विझतो. ती उठते, बटण दाबते, बसते. दिवा विझतो. पुन्हा उठते. चौथ्यांदा दिवा विझतो आणि ती उठत नाही. पडदा काळा.

हा काळोख आला आणि फारूखभाईंचा हात आपोआप बटणावर गेला. असली जागा चौतीस वर्षांत त्यांना फार तर पाच वेळा मिळाली असेल.

चहा पिऊन ते वर आले तेव्हा दहा अठ्ठावन्न झाले होते. हॉल रिकामा. सतरा माणसं पिक्चरला आली होती, त्यांतलं एकही जागेवर नव्हतं. हॉलची झाडलोट करणाऱ्या आशाबाई खुर्च्या सरकवत होत्या.

"आशाबाई, लोकं कुठं गेले?"

"घरी. झाला ना पिच्चर."

"कुठं झाला? अर्धाच झाला!"

आशाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. त्या देवगाव रंगारी गावच्या; हॉलच्या मागच्या दाराशी उभं राहून सहा वर्षांत त्यांनी दीडशेवर पिक्चर बघितले होते आणि त्यांतले बरेचसे त्यांना पसंत नव्हते. "आता गं बया," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथ सर तर उभं राहून समद्यांचे आभार मानून गेले. म्हनले, अंतर्मुख करणारा पिच्चर हाय. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

झालं होतं ते असं. बद्रीनाथ सर पहिल्या रांगेत बसतात, तिसऱ्या मिनिटाला त्यांना झोप लागते आणि हॉलचे दिवे लागले की ते जागे होऊन आभार मानतात. हे फारूखभाईंना वरून दर वेळी दिसायचं. बाकीच्यांना काळा पडदा बघून शंका यायचं कारण नव्हतं. क्लबच्या लोकांनी अशा शेवटांची सवय करून घेतली होती. माणूस समुद्राकडं बघत उभा राहतो, संपलं. बाई बटाटे सोलते, संपलं. जिन्यात अंधार होतो, संपलं. दुसरा कुठला प्रेक्षक असता तर शिट्ट्या मारून त्यानं खुर्च्या वाजवल्या असत्या. हे सुशिक्षित लोक, हळूच उठून घरी गेले.

"मग पोरीचं काय हुतं पुढं?" आशाबाईंनी विचारलं.

"ते असं सांगायचं नसतं."

"मंग दावा. मी हितंच हाय."

फारूखभाई रोशन गेटच्या घरी पोचले तोवर ग्रुपवर तनुजा मॅडमचा लेख येऊन पडला होता. तनुजा मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात आणि क्लबच्या पिक्चरवर लिहितात, चांगलं लिहितात. या वेळी आठशे शब्द होते. 'अंधार हाच या शहराचा खरा नागरिक आहे,' असं पहिलंच वाक्य. पुढं, 'सिग्ने बटण दाबत नाही. दिग्दर्शक आपल्याला त्या जिन्यात एकटं सोडून निघून जातो. इतका निर्दय शेवट करायला धाडस लागतं.' खाली तेवीस अंगठे आणि बद्रीनाथ सरांचं 'अंतर्मुख करणारे लेखन'.

"डायरेक्टर नाही गेला," फारूखभाई पुटपुटले, "मी गेलो. चहा प्यायला."

बायको रईसा भाजी निवडत होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती हातातली जुडी खाली ठेवून पलंगावर आडवी होईपर्यंत हसली. "या अल्ला! उठ के गए? सतरा के सतरा?"

"हसू नको. पोरगी जिन्यात बसलीय. शहरातल्या सतरा माणसांना वाटतंय ती तिथंच मेली."

"तो बोल दो ना जी."

"क्या बोलूँ? सहा साल का नियम तोड़ के इंटरव्हल किया, बोलूँ? काढून टाकतील."

"निकालने दो." रईसा उठून बसली. "चौतीस साल में एक शो आधा नई छोड़े तुम. लाइट गई तो लोगाँ को बिठा के रखते थे, किस्से सुना के. अब ये पोरी को छोड़ते क्या अँधेरे में?"

पुढचा अर्धा भाग काय आहे हे शहरात एकट्या फारूखभाईंना माहीत होतं, आणि अडचण तीच होती. लेखात होता तसला तो पिक्चरच नव्हता. घड्याळात पावणेबारा झाले होते. सातपर्यंत ती सतरा माणसं परत खुर्च्यांवर बसली नाहीत तर तो पिक्चर या गावात कायमचा अर्धा राहणार होता, आणि तो अर्धा करणारे ते स्वतः.

त्यांनी स्कूटर काढली आणि सिडकोत बद्रीनाथ सरांचं घर गाठलं.

सर निवृत्त भूगोल शिक्षक. जेवायला बसत होते. फारूखभाईंनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. "सर, सकाळी पिक्चर संपला नव्हता. मी इंटरव्हल टाकला. चूक माझी. काढायचं तर काढा, पण उरलेला आज दाखवू द्या."

सरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे चौऱ्याण्णव मिनिटं झाली नव्हती?"

"सत्तेचाळीस झाली होती."

"तरी म्हटलं, आज अंग जड का वाटतंय," सर बोलून गेले आणि थांबले.

"सर, मला वरून पहिली रांग पूर्ण दिसते," फारूखभाई फार अदबीनं म्हणाले.

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

सरांनी ताटाला नमस्कार केला, हात धुतला आणि चष्मा शोधला. "फारूखभाई, तुमच्या इंटरव्हलबद्दल कुणाला सांगायची गरज नाही. तांत्रिक कारण म्हणू. आणि माझ्या... म्हणजे..."

"माझ्या तोंडातून नाही निघणार, सर. पण इंटरव्हलचं मी खरंच सांगणार. मशिनवर ढकललेलं चालत नाही. मशिननं काही केलं नाही."

सरांनी ग्रुपवर लिहिलं: 'सकाळी आपण चित्रपटाचा पूर्वार्ध पाहिला. उत्तरार्ध आज पाच वाजता. कृपया यावे.' मजकूर गेला त्याच्या पुढच्या मिनिटाला फोन वाजला. तनुजा मॅडमचा आवाज स्पीकर न लावताही खोलीभर ऐकू आला.

"सर, उत्तरार्ध म्हणजे काय? कसला उत्तरार्ध? मी लेख पेपरच्या पुरवणीला पाठवला हो! अर्ध्या तासापूर्वी!"

सरांनी फोन फारूखभाईंच्या हातात दिला आणि पाणी प्यायला आत गेले.

"मॅडम, मी फारूख. लेख एकदम चांगला आहे. अर्ध्यापर्यंत."

पलीकडून हळू आवाज आला, "अहो, त्यात मी तिला मारून टाकलंय."

"ती चांगली आहे, मॅडम. पाचला या, भेटवतो."

तनुजा मॅडम हसायला लागल्या. हसणं थांबेना तशी त्यांनीच मध्ये म्हटलं, "थांबा, मला आधी संपादकांना फोन करू द्या," आणि फोन ठेवला.

पाच वाजता सतरा माणसं यायची होती. साठ आली. सरांचा मजकूर कुणी कुणाला पुढं पाठवला हे कळायला मार्ग नव्हता, पण शहरातल्या शहाण्या लोकांनी अर्धा पिक्चर पूर्ण समजून टाळ्या वाजवल्या ही बातमी चार तासांत टीव्ही सेंटरपासून रेल्वे स्टेशनपर्यंत फिरली होती. रईसा दोन शेजारणींना घेऊन आली. आशाबाई आपली सून मेघा आणि गल्लीतल्या चार बाया घेऊन आल्या. औषधाच्या दुकानातला एकजण नुसता 'ते सतरा कोण आहेत ते बघायला' आला होता. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून वर्गातले बाक आणले गेले.

फारूखभाईंचा हिशेब सोपा होता. उरलेत सत्तेचाळीस मिनिटं, सातच्या आत संपवायचं, म्हणजे सहा तेराच्या पुढं सुरू करून उपयोग नाही. पण सरांनी प्रास्ताविक केलं. ते वीस मिनिटं चाललं, त्यात स्वीडनचं हवामान आलं. मग तनुजा मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच्या लेखातली तीन वाक्यं वाचून दाखवली. हॉलमध्ये असा हशा झाला की त्यांना चौथं वाचावं लागलं. मग फारूखभाई पुढं गेले, सकाळी इंटरव्हल आपण टाकला, नियम आपण मोडला, असं सरळ सांगून टाकलं. "सॉरी" म्हणायच्या आत मागून कुणीतरी शिट्टी मारली. पावणेसहा झाले.

"चालू करतो," ते म्हणाले.

"आवो, थांबा की," मेघाच्या शेजारची बाई म्हणाली. "आम्ही सकाळी कुठं हुतो? आम्हाला मागचं काय म्हाईत?"

साठांतल्या त्रेचाळीसजणांना मागचं माहीत नव्हतं. फारूखभाईंनी घड्याळ बघितलं, हॉल बघितला, आणि मागच्या दाराकडं हात केला. "आशाबाई, या. पाच मिनिटांत सांगा."

आशाबाई पदर खोचून पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्या पडद्याशीच बोलल्या, मग लोकांकडं वळल्या.

"ही पोरगी खेड्यातली. नाव सिग्ने. शहरात आली, काम गावलं, पर टेकायला जागा नाय. एका म्हातारीनं सैपाकघरातला बाक भाड्यानं दिला. बाक बरं का, खोली नाय. म्हातारीकडं रोज पाव्हणे, ते जायस्तोर ही ट्राममधी. ट्राम म्हंजे आपली सिटी बस, पर रुळावरून."

"मायबाप कुठंयत तिचे?"

"गावाकडं. त्यांला वाटतं पोरगी लई मजेत हाय. पत्रात तसंच लिव्हती."

"मग लगीन करून टाकावं."

"पोरगा हाय की! नील्स. ट्रामवर तिकिटं फाडतो. चांगला हाय, जरा बावळट हाय. पर लगीन झाल्याबिगर ह्यांला खोली कोण देत नाय, आन् खोली असल्याबिगर पोरीचा बाप लग्नाला व्हय म्हनत नाय."

"अगदी आमच्या मुकुंदवाडीसारखं!" हॉल हसला.

"आता गप ऱ्हावा. एक दिस पाव्हणे गेलेच नाय. पोरगी जिन्यात पेटीवर बसली. दिवा इझतो, ही लावती. इझतो, लावती. मंग इझला, आन् हिनं लावलाच नाय. का नाय लावला? तर इतके दिस समद्या शहराचा दिवा आपनच लावायचा का, म्हनून नाय लावला."

तनुजा मॅडमनी हे वाक्य तिथल्या तिथं हातावर लिहून घेतलं. सहा झाले होते. फारूखभाई जिना एका दमात चढून गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळाच होता. मग खट् असा आवाज आला आणि जिन्यात उजेड पडला. बटण दाबलं होतं म्हातारीनं. हातात कचऱ्याची बादली, अंगात झोपायचा झगा, आणि ती पोरीला शोधत चार मजले उतरून आली होती. पाहुणे का हटत नव्हते तर घरमालकानं तिलाही घर सोडायला सांगितलं होतं, आणि ते सगळे निरोप द्यायला जमले होते.

इथून तो पिक्चर उधळला. त्यात म्हणे त्या शहरात वर्षातून एका ठरलेल्या दिवशी अर्धं गाव घर बदलतं. पडद्यावर एक ऑक्टोबर उजाडला आणि रस्ता हातगाड्यांनी भरून गेला. हातगाडीवर कपाट, कपाटावर पियानो, पियानोवर पिंजरा. सिग्नेनं म्हातारीचं सगळं बिऱ्हाड एका गाडीवर चढवलं, तिचा बाक वर ठेवला आणि बाकावर म्हातारीला बसवलं. गाडी चढावर ट्रामच्या रुळांतच अडकली. मागं ट्राम येऊन घंटा बडवायला लागली. ट्रामवर नील्स. तो तिकिटांची पिशवी गळ्यात तशीच ठेवून उतरला आणि गाडी ढकलायला लागला; मग ट्राममधले सगळे उतरून ढकलायला लागले. पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी अक्षरं वाचायची कुणाला गरजच पडली नाही.

"ऐ, पियानोवाल्याला आधी जाऊ द्या!" औषधाच्या दुकानवाला ओरडला.

"म्हातारीला उतरवा, वजन कमी होईल!"

"नक्को! म्हातारी बैठी रहने दो!" रईसा.

बद्रीनाथ सर पहिल्या रांगेत टक्क जागे होते आणि गुडघ्यावर थापा मारत होते.

शेवटी खोली मिळाली. म्हातारीच्या नावावर, तिघांची मिळून एक, पाचव्या मजल्यावर. सगळं सामान आत गेलं आणि पलंग दारात अडला. उभा केला, आडवा केला, गेला नाही. दमून सिग्ने तशीच जिन्याच्या वळणावर पलंगावर बसली. शेजारच्या दारातून एक बाई आली, ती बसली. वरचा म्हातारा बसला. नील्स बसला. नऊ माणसं त्या पलंगावर बसली, त्यांतल्या एकानं खिशातून सफरचंद काढलं. पडदा काळा. सहा सत्तेचाळीस.

दिवे लागले. कुणी उठलं नाही.

"संपला," फारूखभाई वरून म्हणाले.

"फसवू नका," खालून आवाज आला. "चहाला चाललाय का परत?"

"खरंच संपला."

"अन् पलंग?" मेघानं विचारलं.

यावर हॉलमध्ये जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण आहे. पलंगाचे पाय आधी काढायला हवे होते, असं एका बाजूचं मत पडलं. पाय काढायचं कामच नव्हतं, तिरका करून डोक्याकडून घ्यायला पाहिजे होता, असं दुसऱ्या बाजूचं. औषधाच्या दुकानवाल्यानं बाक आणि दार घेऊन करून दाखवलं आणि बाक दारात अडकला. तनुजा मॅडम बाकाखालून वाकून बाहेर गेल्या, संपादकांशी बोलल्या आणि आत येऊन सांगितलं की जुना लेख रद्द झालाय, नवा मंगळवारपर्यंत द्यायचाय. "शेवट काय लिहू हो?" त्यांनी आशाबाईंना विचारलं.

"लिव्हा, पलंग बाहीरच ऱ्हायला. आत निजून काय करायचंय? समदे बाहीरच बसलेत."

"शेवटचं परत दाखवा!" दहा-बारा आवाज आले. फारूखभाईंनी शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली. पलंगावरची माणसं मोजली गेली, नऊ भरली. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा सात वाजून गेले होते आणि पडद्यावर राखाडी चौकोनात लिहून आलं की ही फाईल आता उपलब्ध नाही.

पायऱ्या उतरताना बद्रीनाथ सरांनी फारूखभाईंना बाजूला घेतलं. "कमिटीत विचारतो मी. इंटरव्हल ठेवू या का आता? लोकांना आवडलं."

"नको, सर. नियम बरोबर आहे. पिक्चर सलगच चांगला होता. मी दोनदा सलग बघितलाय."

"आणि तुम्हाला काढायचं वगैरे कोण बोललं?"

"कुणी नाही. मीच."

सर हसले आणि खिशात स्कूटरची किल्ली चाचपायला लागले. ती त्यांना पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली सापडली.

उद्या सोमवार. हॉलमध्ये सकाळी साडेदहाला पदविकेच्या पहिल्या वर्षाची चाचणी परीक्षा आहे, त्यामुळे खिडक्यांचे काळे पडदे नऊच्या आत उतरवून बाक पुन्हा वर्गांत लावावे लागतील. फारूखभाई साडेआठला येतील. हॉलची किल्ली आशाबाईंकडं असते, त्या आठला येतात.